अनारशाची ऑर्डर एआयला कळेल का?

प्रश्न : माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. एरवी आम्ही तिघी असतो, दिवाळीत मदतीला आणखी बायका येतात. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर येतात, त्या आम्ही वहीत उतरवून घेतो. गेल्या दिवाळीत दोन पत्त्यांची अदलाबदल झाली आणि एका घरी चकलीच गेली नाही. एका सॉफ्टवेअरवाल्याने ‘पूर्ण सिस्टिम’ करून द्यायचे दीड लाख सांगितलेत. मुलगा म्हणतो, दीड लाख कशाला, एआय फुकटात करून देईल. कोणाचं ऐकू? (डोंबिवली)

दोघांचंही थोडं थोडं ऐका. पैसे मात्र इतक्यात कोणाला देऊ नका.

तुमच्याकडे ऑर्डर कशी येत असेल? साधारण अशी : ‘ताई, मागच्या वेळसारखंच करा, फक्त शंकरपाळी कमी गोड. चकली अर्धा किलो वाढवा. अनारसे असतील तर पंचवीस. एक डबा वेगळा बांधा, लेक बंगळूरला नेणार आहे.’ किंवा हेच सगळं एका मिनिटाच्या व्हॉइस मेसेजमध्ये, मागे कुकरची शिट्टी आणि मध्येच ‘अगं थांब, बोलतेय ना!’

यातला पसारा आवरून ‘पदार्थ, वजन, खास सूचना’ असे रकाने भरणं हे एआयचं खरं काम. पूर्वीच्या कुठल्याच सॉफ्टवेअरला हे जमत नव्हतं. त्यांना सगळं ठरलेल्या चौकटीतच भरून द्यावं लागे. आता मराठी-इंग्रजी खिचडीतलं वाक्यही बऱ्यापैकी समजतं. पण ‘मागच्या वेळसारखंच’ म्हणजे काय, हे एआयला कुठून कळणार? मागच्या वेळचा हिशेब तुमच्या वहीत आहे. तो त्याच्यासमोर नसेल तर एक तर ते तुम्हाला विचारेल, नाही तर अंदाजाने ठोकून देईल. दुसरी शक्यता जास्त धोक्याची, कारण अंदाजाचं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने लिहिलेलं असतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे वहीतला मजकूर गूगल शीटमध्ये आणा. एका ओळीत एकच पदार्थ. ऑर्डर नंबर, नाव, मोबाइल, पत्ता, पदार्थ, वजन, कधी हवं, आगाऊ किती, बाकी किती, आणि शेवटी सूचनांचा एक मोठा रकाना. याला पैसे लागत नाहीत. जुन्या वहीच्या पानांचे फोटो काढून एआयला दिलेत तर बरंचसं टाइप करून मिळेल. आकडे मात्र पानाशी ताडून पाहा. व्हॉइस मेसेजबद्दल सांगायचं तर मराठी बोलणं लिहून घेणारी यंत्रणा गेल्या काही वर्षांत पुष्कळ सुधारली आहे. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा भारतीय भाषांचा प्रकल्प २०२२ पासून सुरू आहे, मोठ्या कंपन्यांच्या सेवाही मराठी ऐकतात. विकत घेण्याआधी तुमच्या आवाजात चाचणी घ्या : ‘सव्वा किलो चिवडा, पावणेदोन किलो शेव, अडीच किलो लाडू.’ पावणेदोनचे दोन झाले तर त्या यंत्रणेला निरोप द्या.

मुलाचं म्हणणं जिथे तोकडं पडतं ती जागा आता पाहू. ऑर्डरी वाचायला एआय चांगलं, बेरजेला नाही. ते पुढचा शब्द काय असावा याचा अंदाज बांधत बांधत लिहितं. लांबलचक यादीची बेरीजही तशीच ‘लिहून’ टाकतं, आणि ती बरोबर असेलच असं नाही. काही सेवा आतल्या आत गणित वेगळ्या प्रोग्रॅमकडून करून घेतात, पण आपण त्या भरवशावर कशाला राहायचं? चिवडा एकूण किती, पोहे किती आणायचे, कोणाचे पैसे बाकी, हे शीटमधल्या साध्या सूत्राने काढावं. त्यात चूक झालीच तर ती सूत्राची असते आणि एकदा दुरुस्त केली की पुन्हा होत नाही. पत्त्यांची अदलाबदल तर एआयशिवायच थांबेल : प्रत्येक डब्यावर ऑर्डर नंबराची चिठ्ठी, आणि चिठ्ठी थेट शीटमधून छापलेली.

मग सॉफ्टवेअरवाल्याचं काय? त्याला मी मोडीत काढत नाही, कारण तुमच्या धंद्यात असं काही आहे जे तयार बिलिंगच्या पॅकेजात सापडणार नाही. अनारसेच घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाळवून कुटायचे, गूळ घालून पीठ काही दिवस मुरवायचं. म्हणजे अनारशाची ऑर्डर घ्यायची शेवटची तारीख चकलीच्या किती तरी आधी येते. ओल्या नारळाची करंजी उलट : ती आधी करून ठेवताच येत नाही, शेवटच्या दोन दिवसांत करावी लागते, नेमके कढया मोकळ्या नसतात तेव्हा. तयार पॅकेजच्या दृष्टीने अनारसे आणि करंजी या नुसत्या दोन आयटमच्या ओळी. एकीला एचएसएन कोड लावला, दुसरीला लावला, बिल छापलं, संपलं. तुमची खरी अडचण तर बिलाच्या आधीची आहे : आजपासून दिवाळीपर्यंत कोणत्या दिवशी काय करायला घ्यायचं, किती बायका लागतील, आणि अनारशाला ‘आता नाही’ कधी म्हणायचं. एवढ्या एका गोष्टीसाठी करून घेतलेलं सॉफ्टवेअर पैसे वसूल करून देईल.

आणि असं एका घरच्या अडचणीसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर हलकं समजू नका. आपल्याकडे गल्लोगल्ली चालणारं ‘टॅली’ तसंच जन्मलं. श्यामसुंदर गोएंका कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. हिशेबासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचा मुलगा भरत याने स्वतः लिहिलं. साल १९८६. तेव्हा घरात गणित शिकलेला मुलगा असणं ही चैन होती. आता तीच सोय बाहेरून परवडणाऱ्या भावात मिळू लागली आहे, कारण प्रोग्रॅमरही कोड लिहायला एआयची मदत घेतात. पूर्वी ज्या स्क्रीनला आठवडा जायचा ती दोन दिवसांत उभी राहते. तुमचं काम समजून घेणं आणि झालेलं काम तपासणं याला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो. जो माणूस तुमच्या स्वयंपाकघरात एक दिवस न बसता दीड लाखाचा आकडा सांगतो, त्याने तो कशावरून काढला हे विचारा.

माझा सल्ला असा. ही दिवाळी गूगल शीटवर काढा. काम कुठे अडतं ते मुलाला टिपून ठेवायला सांगा. नंतर फक्त ‘कामाचं वेळापत्रक आणि खरेदीची यादी’ एवढंच करून मागा, टप्प्याने पैसे द्या, आणि पहिल्या टप्प्याची चाचणी गेल्या वर्षीच्या ऑर्डरी घालून घ्या. दरसालचा खर्च लेखी मागा. सर्व्हरचं भाडं, दुरुस्ती, एआयचा वापर हे सगळं वेगवेगळं असतं. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप फुकट आहे, पण सॉफ्टवेअरमधून आपोआप ‘तुमची ऑर्डर निघाली’ असे निरोप पाठवायचे तर कंपनी निरोपामागे पैसे आकारते. एआयची सेवा शब्दांच्या तुकड्यांवर पैसे मोजते, आणि देवनागरी मजकुराचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. तुमच्या पसाऱ्यात ही रक्कम मोठी नसेल, तरी अंदाजपत्रकात ती दिसायला हवी.

एक गोष्ट कधीही करू नका : ग्राहकाला परस्पर उत्तर द्यायला एआयला बसवणं. ‘नातवाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, शेव चालेल का?’ असं कोणी विचारलं, आणि तिकडून गोड शब्दांत ‘हो, नक्की चालेल’ गेलं तर? त्याच कढईत आधी चिवड्याचे शेंगदाणे तळले होते हे तुम्हालाच माहीत. उत्तराचा मसुदा एआयने लिहावा, पाठवायचं बटण तुमच्या हातात.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत छोटं मशीनशॉप आहे. दोन सीएनसी, बाकी जुने लेथ. कोटेशन करायला रात्री बसतो, तोवर दुसऱ्याचं कोटेशन गेलेलं असतं. ड्रॉइंग दिलं तर एआय कोटेशन करून देईल का? आणि मोठ्या कंपन्यांकडून पैसे वेळेवर यावेत म्हणून काही सॉफ्टवेअर आहे का? (कोल्हापूर)

पहिल्याचं उत्तर अर्धं हो. दुसऱ्याचं जवळजवळ नाही.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला चौकोन, म्हणजे पार्ट नंबर, मटेरियल, रिव्हिजन, हे एआय वाचून देतं. ईमेलमधून नगांची संख्या आणि हवी असलेली तारीखही काढतं. मापांपाशी आलं की सावध व्हा. भोकाच्या टॉलरन्सला कॅपिटल ‘एच’ असतो, शाफ्टच्या टॉलरन्सला स्मॉल. एकात माप वरच्या बाजूला सुटतं, दुसऱ्यात खालच्या. तिसऱ्यांदा स्कॅन केलेल्या पीडीएफवर हा फरक तुम्हालाही चष्मा लावून बघावा लागतो. एआय तो न बघताच पुढे जाऊ शकतं.

हिशेबाचं उदाहरण घेऊ. गोल बारचं मीटरला वजन आपण व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागून काढतो. ५० मिमीचा बार म्हणजे मीटरला साधारण १५.४ किलो. नग १२० मिमी लांब, कटिंग-फेसिंगला ५ मिमी धरले तर नगाला १.९३ किलो, आणि ५०० नगांना ९६५ किलोच्या आसपास. आता एआयने बारच्या ऐवजी तयार नगाचा ४६ मिमी व्यास उचलला तर उत्तर येतं ८१६ किलो. दिसायला दोन्ही आकडे सारखेच शहाणे. फरक जवळजवळ दीडशे किलो पोलादाचा, आणि ते विकत घ्यायचं तुम्ही.

म्हणून एआयने फक्त ड्रॉइंगवरचं वाचून रकाने भरावेत, तुम्ही ते एका नजरेत तपासावेत, आणि पुढचं गणित ठरलेल्या सूत्रांनी व्हावं : मटेरियल, मशीनचा तासाचा दर, टूल, हीट ट्रीटमेंट, वजा बुरादा. एवढं एक्सेलमध्येही होतं.

करून घेतलेल्या सॉफ्टवेअरची खरी गरज मला दुसरीकडेच दिसते. कोटेशन करताना तुम्ही सायकल टाइम चार मिनिटं धरलात. शॉपवर प्रत्यक्षात पावणेपाच लागली. ५०० नगांवर हा फरक सव्वासहा तासांचा होतो, आणि तो कोणत्याही बिलात दिसत नाही. ऑपरेटरने मशीनपाशीच्या मोबाइलवर ‘सुरू’ आणि ‘संपलं’ एवढी दोन बटणं दाबली, आणि ते कोटेशनच्या आकड्याशेजारी येऊन बसलं, तर सहा महिन्यांत तुम्हाला कळेल की कोणत्या प्रकारचं काम तुम्ही तोट्यात घेत आलात. या नोंदी साठल्या की नवीन ड्रॉइंग आल्यावर ‘यासारखी जुनी कामं दाखव’ असं विचारता येईल. त्या प्रश्नाला एआय खरंच उपयोगी पडतं, पण आधी नोंदी हव्यात.

सगळं नव्याने लिहून घेण्याआधी ‘ईआरपीनेक्स्ट’ बघा. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीचं हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. तेही टॅलीसारखंच घरच्या, फर्निचरच्या धंद्यात ईआरपी बसवताना आलेल्या अनुभवातून ऋषभ मेहता यांनी सुरू केलं. परवान्याला पैसे नाहीत. सर्व्हरला आणि बसवून देणाऱ्याला लागतात. त्यातला पसारा बघून घाबरू नका आणि भाळूही नका. जॉब कार्ड आणि कोटेशन एवढंच चालू करून घ्या. ज्यांनी एकदम सगळंच चालू करायला घेतलं त्यांच्याकडे पुढे बहुधा काहीच चालू राहत नाही.

आणि ग्राहकाचं ड्रॉइंग फुकटच्या एआयवर चढवू नका. गोपनीयतेच्या करारावर तुमची सही आहे. काही सेवा तुमचा मजकूर प्रशिक्षणासाठी वापरतात. तो वापरणार नाही असं लेखी देणारी पैशाची सेवा घ्या, किंवा निदान नाव-नंबर झाकून मग चढवा.

आता पैशाचं. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. १ एप्रिल २०२४ पासून आयकराच्या ४३ बी (एच) या तरतुदीने त्याला दातही आले : मुदतीनंतर दिलेले पैसे ग्राहक कंपनीला खर्च म्हणून त्याच वर्षी दाखवता येतात, जर ते प्रत्यक्ष त्या वर्षात दिले असतील तर, नाही तर ते तिच्या करपात्र नफ्यात धरले जातात. त्यामुळे मार्च जवळ आला की कंपन्यांची अकाउंट्स खाती ‘तुमचं उद्यम प्रमाणपत्र पाठवा’ असे ईमेल पाठवू लागतात. तुमच्या बिलावर उद्यम नोंदणीचा नंबर छापलेला आहे ना? नसेल तर आजच छापा. सॉफ्टवेअर इतकंच करेल : तिसाव्या दिवशी आठवण, चाळिसाव्या दिवशी पत्राचा मसुदा. इंग्रजीत, विनयाने, बिल नंबर आणि तारखेसकट. हे पत्र लिहायला एआयसारखा हुशार कारकून नाही. पाठवायचं धाडस तुम्हालाच करावं लागेल, आणि पुढची ऑर्डर जाईल ही भीती मी समजू शकतो.

प्रश्न : येवल्यात पैठणीचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी एकाकडून स्टॉक आणि ऑनलाइन विक्रीचं सॉफ्टवेअर करून घेतलं, सगळे पैसे चुकते केले. आता तो फोन उचलत नाही. पैसे आम्ही दिले म्हणजे सॉफ्टवेअर आमचंच ना?

कायद्याने बहुधा नाही. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’ धरला जातो, आणि तिचा पहिला मालक तो लिहिणारा. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर मालकी मालकाकडे येते. बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन करून घेतलं तर ती आपोआप येत नाही. सही केलेलं लेखी हस्तांतरण लागतं. त्यातही मेख आहे. हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ते ५ वर्षांपुरतं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. तुमच्या पैठण्या दुबईला आणि न्यू जर्सीला जात असतील तर पुढच्या करारात ‘कायमचं, जगभरासाठी’ असे शब्द घालून घ्या.

पण विक्रीची नोंद, ग्राहकांची यादी, स्टॉक ही माहिती तुमची आहे. लॉगिन अजून चालतंय तोवर आजच सगळं एक्सेलमध्ये उतरवून घ्या. मग डोमेन कोणाच्या नावावर आहे ते पाहा, कारण दुकानाची पाटी दुसऱ्याच्या नावावर असणं सॉफ्टवेअर जाण्यापेक्षा महागात पडतं. सोर्स कोड हाती असेल तर दुसरा प्रोग्रॅमर एआयच्या मदतीने तो पूर्वीपेक्षा खूप लवकर समजून घेऊ शकतो. आधी असं दुसऱ्याचं काम हातात घ्यायला कोणी तयार होत नसे. कोडही नसेल तर नव्याने करा, आणि या वेळी डोमेन, सर्व्हर, कोड ठेवण्याचं खातं, तिन्ही स्वतःच्या ईमेलवर उघडून प्रोग्रॅमरला त्यात प्रवेश द्या.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. साडीचा फोटो देऊन एआयकडून मॉडेलचं चित्र करून घेण्याची सध्या टूम आहे. पैठणीत ते करू नका. चित्र काढताना एआय पदरावरचे मोर मोजत नाही, नारळी काठाचं टोक थोडं गोल करतं, आसावलीची वेल स्वतःच्या मनाने वळवतं. ग्राहकाला दिसते ती साडी तुमच्या मागावर कधी विणलेलीच नसते. साडी परत येईल, आणि चूक ग्राहकाची नसेल. पार्श्वभूमी साफ करायला, वर्णन तीन भाषांत लिहायला एआय खुशाल वापरा.

प्रश्न : गावात किराणा दुकान आहे. शहरातून आलेल्या एकाने एआयवर चालणारं ‘विक्रीचा अंदाज’ सांगणारं सॉफ्टवेअर दाखवलं. घ्यावं का? (सातारा जिल्हा)

नको. क्यूआर आहे, बिलिंगचं ॲप असेल, उधारीची वही आहे. तुमच्या उलाढालीला ते पुरे. गौरी-गणपतीत काय खपतं आणि आषाढात काय, हे तुम्ही झोपेतही सांगाल, आणि त्या सॉफ्टवेअरला शिकायला जेवढ्या वर्षांच्या नोंदी लागतात तेवढ्या तुमच्याकडे नाहीत. घरातल्या कॉलेजकुमाराला हौस असेल तर एकच काम द्या. बिस्किटं, मसाले, शॅम्पूच्या पाकिटांच्या एक्स्पायरीच्या तारखांचे फोटो काढून एआयकडून यादी करून घ्यायची, तारखेच्या क्रमाने लावायची, आणि महिनाभर आधी कंपनीच्या माणसाला परत न्यायला सांगायचं. शॅम्पूच्या पाकिटावर तारीख अगदी बारीक असते. तिथे फोटो नीट उजेडात काढायला सांगा.